जेवायचा नव्हे, दुसरा हात

२ नोव्हेंबर २०२५, डहाणू रोड

आलो बुवा एकदाचा! सकाळी नाशिक सोडलं आणि मोखाडा, जव्हार, कासा करत दुपारच्या जेवणाला डहाणूत हजर. गाडीने वाटेत एकदाही कुरकुर केली नाही. आमच्यात कुरकुरीचं खातं माझ्याकडे आहे. खोली झकास मिळाली आहे, स्टेशनपासून जरा आत, चिकूच्या वाडीला लागून. घरमालकीण भाविनीबेन यांनी पाण्याच्या आधी चिकू पुढे केले, आणि मी एकटाच राहणार आहे म्हटल्यावर अजून थोडे आणून ठेवले.

बदली मी मागून घेतली. आरोग्य खात्यात लसींचे फ्रीज दुरुस्त करतो मी. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या उपकेंद्रांत कुठे फ्रीज बसला की पळत सुटायचं, नाहीतर आतली लस वाया. आमचे साहेब म्हणाले, डहाणू मागून घेणारा तू पहिलाच बघतोय. मी म्हटलं, सासुरवाडी आहे. ते हसले, मग त्यांना आठवलं आणि त्यांनी फायलीत डोकं घातलं.

नयनला जाऊन दीड वर्ष होईल. कावीळ झाली होती. साधीच आहे, साधीच आहे म्हणता म्हणता गेली. हे असं एवढ्याशा जागेत लिहून संपतं याचा मला फार राग येतो.

असो. आजचा दिवस चांगला गेला, कारण सगळा रस्ता ती बोलत होती. हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे वाचताना मलाच वाटायचं की याचं डोकं फिरलं होतं. माझ्या गाडीत रस्ता दाखवणारा जुना जीपीएस आहे, लग्नानंतर लगेच घेतलेला. त्यात आपला स्वतःचा आवाज भरायची सोय होती. नयनने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून, मांडीवर कुरमुऱ्यांची पिशवी ठेवून, एकेक वाक्य भरलं. मला डावं-उजवं पटकन कळत नाही. म्हणून तिने भरलं, "डावीकडे. जेवायचा नव्हे, दुसरा हात." रस्ता चुकला की, "परत फिर रे बाबा." शेवटी, "पोचलास. काच वर कर." मागे कुरमुरे चावल्याचा आवाजसुद्धा येतो.

माझं नावही घाल म्हटलं होतं मी. तर नाही म्हणाली. ती वरोरच्या मच्छीमारांच्या घरातली. वाटेला लागलेल्याला मागून नावाने हाक मारायची नाही, आमच्यात चालत नाही, म्हणाली. त्यामुळे त्यात सगळं आहे, फक्त माझं नाव नाही.

ही वही गाडीतच ठेवणार आहे. दुरुस्तीनंतर फ्रीज थंड होईपर्यंत बसून राहावं लागतं, तेव्हा लिहीन.

७ नोव्हेंबर, उधवा

फ्रीज थंड व्हायची वाट बघत बसलोय. आज फजितीच झाली.

सोबत सूर्यकांत आहे. तो आमचं औषधांचं भांडार सांभाळतो. बोलायला तिखट, पण माणूस सरळ. तलासरीच्या पुढे फोनची रेंज गेली, फोनमधला नकाशा गोठला, म्हणून मी नयनवर सोपवलं. आणि तिचा नकाशा बारा वर्षांपूर्वीचा! नवीन झालेला रस्ता तिला माहीतच नाही. स्क्रीनवर आमची गाडी भाताच्या शेतातून चाललेली आणि नयन आपली सारखी, "परत फिर रे बाबा. परत फिर रे बाबा." मी खरंच परत फिरलो. नको तिथे शिरलो, एका ओहोळापाशी रस्ताच संपला. उधव्याला पोचेपर्यंत तिथल्या सिस्टरनी लस बर्फाच्या पेटीत हलवली होती म्हणून निभावलं.

सूर्यकांत आधी पोट धरून हसला. मग त्याला कळलं की आवाज कोणाचा आहे, आणि उधवा येईपर्यंत त्याने खिडकीबाहेर तोंड वळवलं. उतरताना हळूच म्हणाला की वहिनींचा आवाज गोड आहे, पण नकाशा धोक्याचा आहे, नवा घेऊन टाका. मी म्हटलं बघू. त्याच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, तरी चिडलो.

८ नोव्हेंबर, डहाणू रोड

धर्मेशभाईंच्या दुकानात जाऊन आलो. स्टेशनजवळच आहे, गाडीचे सीटकव्हर, हॉर्न, असलं सगळं मिळतं. त्यांनी माझा जीपीएस हातात घेतला, उलटा केला आणि आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. बॅटरी फुगली आहे. आज बंद पडेल, नाहीतर महिन्याने. केबल लावायच्या जागेत चार्जिंगपुरत्या पिना धड आहेत, बाकीच्या गंजल्या आहेत, त्यामुळे आतला आवाज बाहेर काढता येणार नाही. उघडून बघायला गेलो तर सगळं पुसलं जायची भीती. हे सगळं त्यांनी अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत आणि फार हळू सांगितलं.

मग नवा दाखवला. मोठा स्क्रीन, सगळे नवे रस्ते, नवे पूल, कुठे वळायचं ते चित्रासकट. त्यातली बाई म्हणते, "कृपया डावीकडे वळा." कृपया! इतक्या आदराने माझ्याशी लग्नाच्या दिवशीसुद्धा कोणी बोललं नव्हतं. यंत्र उत्तम आहे, एक तंत्रज्ञ म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. घ्यायलाच हवा.

घेतला नाही. विचार करून सांगतो म्हटलं. नयनची वाक्यं मी कधीच फोनमध्ये घेऊन ठेवली आहेत. पण फोनवर लावली की ते नुसतं रेकॉर्डिंग होतं. गाडीत ती वळण आल्यावर बोलते. मी चुकलो की बोलते. मी कुठे आहे हे तिला माहीत असतं. हे दुकानात कसं सांगायचं?

९ नोव्हेंबर, वरोर

सासूबाईंकडे आलोय. लाडकीबाई त्यांचं नाव, मी आई म्हणतो. एकट्याच राहतात. शेजारी त्यांचा पुतण्या भिकू, त्याची बोट आहे. अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि आई त्यांच्याखाली बसून मला मुद्दाम जास्तीचं वाढत होत्या.

संध्याकाळी भिकूने कुडाबाहेरून हाक मारली. आई ढिम्म. परत मारली. तरी नाही. तिसरी मारली तेव्हा म्हणाल्या, ओ. मला हसू आलं. नाशिकला हेच चालायचं. वरोरची ही जुनी रीत आहे, निदान आईंच्या घरात तरी पक्की आहे: तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते दोनदाच मारू शकतं. पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ दिली की त्याला आपलं घर सापडतं.

नयन मात्र कधी तिसरी हाक मारायची नाही. स्वयंपाकघरातून दोनदा "परेश, परेश" करायची, मी पेपरात डोकं घालून बसलेला. म्हणायचो, तुमच्याच नियमाने मला ओ देता येत नाही. मग ती यायची आणि भांडी घासता घासता तसाच ओला हात थाड्‌दिशी माझ्या डाव्या खांद्यावर ठेवायची. म्हणायची, ही तिसरी. माझे सगळे शर्ट डाव्या खांद्याला ओले असायचे. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की लहानपणापासून तिची हीच खोड, बोंबील धुता धुता येऊन आईच्या खांद्याला हात पुसायची. आम्ही दोघं खूप हसलो. मग आई उठून चुलीपाशी गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

गाडीत नयनचा आवाज आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. नयन गेली तेव्हा आई वरोरहून निघाल्या खऱ्या, पण पोचेपर्यंत आम्ही तिला नेलं होतं. सगळे म्हणाले थांबता येणार नाही. आईंना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यावर त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला सोसवत नाही.

१६ नोव्हेंबर, डहाणू रोड

आज आईंना डोळे तपासायला डहाणूला आणायचं होतं. म्हटलं, आता सांगूनच टाकावं. आवाज बंद ठेवून त्यांना गाडीत बसवणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं. सांगितलं, की नयनचा आवाज आहे, यंत्रातला आहे, घाबरू नका. त्यांनी मान हलवली. त्यांना काय कळलं देव जाणे.

वरोरच्या बाहेर पहिलं वळण आलं. "डावीकडे. जेवायचा नव्हे, दुसरा हात."

"ओ, बाय," आई म्हणाल्या.

पहिल्याच हाकेला. विचार न करता, लेक अंगणातून बोलली असं समजून. भिकूला तिसऱ्या हाकेपर्यंत ताटकळत ठेवणारी बाई! लगेच त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मी म्हटलं, आई, हे यंत्र आहे, त्याला कसली ओ. पुढे वळण आलं की त्या स्क्रीनकडे कान लावायच्या आणि डोळ्यांतून पाणी. मग मीच नको तिथे वळायला लागलो. पारनाका, समुद्र, स्टेशन, परत पारनाका. मुद्दाम चुकत होतो, म्हणजे नयनने ओरडावं. "परत फिर रे बाबा" आलं की आई रडता रडता हसायच्या. म्हणाल्या, अशीच बोलायची ती, वडिलांनासुद्धा.

डोळे तपासायचे राहूनच गेले. फार दिवसांनी मी पोटभर रडलो आणि मग पोटभर जेवलो.

१९ नोव्हेंबर, तलासरी

फ्रीज चालू केला आहे.

सकाळी एकटाच येत होतो. आज रस्ता ठाऊक होता, जीपीएसमध्ये काहीच लावलं नव्हतं. आणि आवाज आला, "आये."

लांबून मारल्यासारखी हाक. नयन आईंना आये म्हणायची. थोड्या वेळाने परत, "आये." मग काही नाही.

गाडी बाजूला घेऊन त्यातली सगळी वाक्यं एकेक करून ऐकली. हा शब्द त्यात नाही. चुकून भरला गेला म्हणावं तर आजवर कधी ऐकू आला नाही. आणि मागे कुरमुऱ्यांचा आवाज नव्हता. मागे पाण्याचा आवाज होता.

बॅटरी बिघडली की चिप काहीही करते. मी दुरुस्तीवाला आहे, मला हे कळतं. धर्मेशभाईंना फोन करून नवा बाजूला ठेवायला सांगितला.

२३ नोव्हेंबर, वरोर

आईंना रोज गाडीत बसायचं असतं. भिकू सांगत होता, त्या सकाळपासून अंगणात तयार होऊन बसतात.

इथे एक सांगायला हवं. जीपीएसमध्ये नयनने एक ठिकाण 'माहेर' नावाने ठेवलं होतं. नकाशात तिच्या घराची गल्ली नव्हती, म्हणून तिने नाशिकला बसून बोटाने जुन्या बंदरावर खूण केली. वडिलांची बोट तिथे लागायची, ती लहानपणी तिथे जाऊन बसायची. आता ते बंदर राहिलेलं नाही. समुद्राने वाट खाल्ली, शेवटी नुसते दगड आणि पुढे पाणी. मी नेहमी फाट्याला घराकडे वळतो आणि नयन ओरडते, परत फिर. आम्हाला त्याची सवय आहे.

आज फाट्याच्या आधी ती म्हणाली, "आये." आईंनी ऐकलं. मी आवाज कमी करायला हात घातला, तर त्यांनी माझा हात धरला. परत, "आये." आम्ही दोघं तिसरीची वाट बघत राहिलो. आली नाही. मग म्हणाली, "सरळ जा."

आईंनी मला सरळ घ्यायला सांगितलं. मी घेतली, काय करणार! दगडांपाशी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं. मी पदर धरला म्हणून वाचल्या. भरतीचं पाणी चाकाला लागत होतं आणि नयन सांगत होती, सरळ जा, सरळ जा.

घरी आणल्यावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा जीपीएस काढून टाकणार, नवा घेणार. दोन हाका कोणाच्या असतात हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या शांतपणे म्हणाल्या,

"मला माहीत आहे रे कोण दोनदा हाक मारतं. पण आवाज तर तिचाच आहे ना?"

मी गाडीची किल्ली नुसती हातात फिरवत बसलो. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जावय, पहिल्यांदा नेलंस तिला, मी पोचायच्या आधी. आता दुसऱ्यांदा नको नेऊ."

आज जेवण गेलं नाही. कोणालाच नाही.

२६ नोव्हेंबर, डहाणू रोड

मार्ग काढला. नवा घेतला, धर्मेशभाईंनी स्वतः काचेला बसवून दिला. जुना आईंना दिला.

जुन्यात एक सोय आहे. गाडी नसली तरी खोटा प्रवास लावता येतो, स्क्रीनवर बाण चालतो आणि वाक्यं बोलली जातात. मी 'माहेर' लावून दिलं, एका बटणावर परत सुरू होईल असं करून ठेवलं. चार्जरही दिला. आईंना ते लगेच जमलं. बोंबील उलटे करताहेत आणि शेजारी पाटावर नयन बोलते आहे, डावीकडे, सरळ, पोचलास. घरात बसून ऐकायचं, गाडी नाही, समुद्र नाही. म्हटलं ना, मी दुरुस्तीवाला आहे.

येताना नवी बाई म्हणाली, कृपया उजवीकडे वळा. मी वळलो. एकदाही चुकलो नाही. गाडी इतकी रिकामी मला कधी वाटली नव्हती.

३० नोव्हेंबर, वरोर

आई बऱ्या दिसतात. जेवतात. आता हाक ऐकू येते का विचारलं, तर नुसत्या हसल्या. दुपारी दाराबाहेरून मी दोनदा "आई" म्हटलं, आणि आतून लगेच "ओ, बाय" आलं.

मला बाय म्हणाल्या नसतील.

३ डिसेंबर, वरोर

आई गेल्या.

भिकूचा फोन आला तेव्हा मी उधव्याच्या वाटेवर होतो. सकाळी घर उघडं होतं, बोंबील अर्धेच पालटलेले. शोधत शोधत जुन्या बंदरावर गेले तर तिथे दगडाला टेकून बसलेल्या. जीपीएस मांडीवर, पदरात गुंडाळलेला. पाण्यात गेल्या नव्हत्या. भरतीचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी मात्र वेळेवर पोचलो. तोंड बघितलं. हसत होत्या.

लुगडं कोरडं होतं. केस कोरडे. फक्त डाव्या खांद्यावर पोलकं ओलं होतं. तळहाताएवढं. भिकूच्या बायकोने पुसलं, मी डोळ्यांनी बघितलं, ते परत ओलं झालं.

६ डिसेंबर

अस्थी भिकूच्या बोटीतून नेल्या. जीपीएस मीच मडक्यासोबत समुद्रात सोडला. बंद पडला होता, बॅटरी फाटली होती. भिकू म्हणाला ठेवायचा होता आठवण म्हणून. मी म्हटलं, आई सांगून गेल्यात, तिला परत नेऊ नको. दोघी एकत्र राहू देत.

खोटा प्रवास मीच लावून दिला होता. 'माहेर' मीच लावलं. भाविनीबेन डबा ठेवून गेल्या आहेत, उघडला नाही.

९ डिसेंबर, तलासरीच्या वाटेवर

नवी बाई आज मध्येच थांबली. कृपया डावीकडे— आणि पुढे काही नाही. मग पाण्याचा आवाज. मग—

"परेश."

माझं नाव तिने कधीच भरलं नव्हतं. कोणत्याच यंत्रात नाही. हे यंत्र तर तिने बघितलंसुद्धा नाही.

"परेश."

ओ दिली नाही. दात दाबून गाडी चालवली. तिसरी आली नाही.

१० डिसेंबर

धर्मेशभाईंनी तपासला. काही दोष नाही. बदलून देतो म्हणाले. त्यांना काय सांगू? त्यांच्यासमोर अगदी शहाण्यासारखा बोलला. बाहेर पडलो आणि—दोनदा.

सूर्यकांत म्हणतो, रजा घेऊन नाशिकला जा. नाशिकला कोण आहे माझं?

११ डिसेंबर

आज सकाळी काढून डिकीत ठेवला. वायर तोडली. तरी डिकीतून—

आईंचं म्हणणं आठवतं. आवाज तर तिचाच आहे.

भीती वाटते. खरंच वाटते. आणि हाक आली नाही की त्याहून जास्त वाटते.

दीड वर्ष मी हेच मागत होतो ना? की एकदा तरी नावाने—

१२ डिसेंबर, जुनं बंदर

यायचं नव्हतं. वरोरला आईंचं घर बंद करून किल्ली भिकूला द्यायची, एवढंच होतं. फाट्याला घराकडेच वळलो. वळलो होतो. तरी समोर दगड.

दुपार आहे. ओहोटी. पाणी लांब आहे. लांब आहे, परत परत बघतोय.

तोडलेली वायर लोंबते आहे. जीपीएस काचेवर आहे. मी लावला नाही. काचा वर केलेल्या, दारं बंद.

"परेश."

ओ देणार नाही.

"परेश."

दोन झाल्या. आता शांत. कुरमुरे चावल्यासारखं काहीतरी—नाही. दगडांवरचं पाणी असेल. पण पाणी तर लांब—

आई म्हणायच्या, तिसरी येत नाही. जे माणूस नाही त्याला मुभाच नसते. पण नयनची तिसरी कधी ऐकू यायचीच नाही. नयनची तिसरी—

शेजारची सीट ओली झाली आहे.

मागे वळून बघणार नाही. लिहीत राहतो. लिहिलं की—

डावा खांदा. जेवायचा नव्हे, दुस

ओ. ओ, नयन. आलो, आलो बु